चौदा गैरहजर मुलांचं एक वाक्य

देवजीभाऊ,

परवा तलासरीला तुमची शोकसभा झाली. मलाही बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, "देवजीभाऊंकडून खूप शिकले," एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. आलं होतंच, नाही असं नाही. पण गप्प बसले ते त्यामुळे नव्हे. तुमच्याशी मी एक खोटं बोलले होते आणि ते निस्तरायच्या आत तुम्ही निघून गेलात. ते चारचौघांत कसं सांगायचं? आणि आता तुम्हाला तरी कसं सांगायचं? पण सांगते. दुसरं काही हातात उरलेलं नाही.

माझ्यानंतर तुमच्या जागेवर आलेले नवे केंद्रप्रमुख बोलले. म्हणाले, "गेलेल्या माणसाचं काम उरलेल्यांनी वाटून घ्यायचं असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र असा काही राग आला, भाऊ! माणूस बिचारा चांगल्या मनानं बोलत होता. पण हेच तर आपलं भांडण होतं. जे हजर आहेत त्यांच्यावर गैरहजरांचा भार वाटून द्यायचा, हे मी तुम्हाला गणित मांडून पटवायची. आणि तुम्ही दरवेळी मान हलवून म्हणायचात, "नाय ताई, असं नसतंय." परवा पहिल्यांदा मलाही वाटलं की असं नसतंय. तुमच्या जागी कोण कसा बसणार?

आपली पहिली गाठ आठवते? दोन हजार चौदा साल, डहाणू रोडच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये. देशभरातल्या शाळांमधून थोड्या शाळा निवडून मुलांना काय येतं ते पाहायची मोठी चाचणी होणार होती. मी त्या कामात कंत्राटावर लागलेली आकडेवाली बाई. कुठली शाळा निवडायची, आणि निवडलेली शाळा तिच्यासारख्या किती शाळांच्या वतीनं बोलते ते काढायचं, हे माझं काम. त्याला आम्ही भार म्हणतो. समोर ऐंशी मास्तर घामाघूम होऊन बसलेले, पंखा नुसता आवाज करतोय, आणि मी फळ्यावर सूत्रं लिहितेय. कोणाला कळेल तर शपथ! शेवटी खडू ठेवला आणि म्हटलं, चला, चिकूवर येऊ. मोठ्या वाडीतून वीस खोकी आली, त्यातलं एकच उघडून पाहिलं. लहान वाडीतून दोन आली, त्यातलं एक उघडलं. आता मोठ्या वाडीच्या उघडलेल्या खोक्याचा शब्द वीस खोक्यांचा, लहान वाडीच्या खोक्याचा दोनच खोक्यांचा. एवढंच आहे सगळं. माझे वडील घोलवडला चिकूच्या पॅकिंगवर होते, त्यामुळे हे उदाहरण माझ्या तोंडात आयतं होतं.

हॉलमध्ये जरा जान आली. आणि मागच्या रांगेतून तुम्ही हात वर केलात. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं.

"ताई, आन् जो खोका गाडीत चढलाच नाय, त्याचं काय?"

सगळे हसले. मीही हसले. "जेवणानंतर बोलू," म्हटलं. जेवणानंतर तुम्ही खरंच आलात, ताट हातात घेऊन. पाच वर्षं झाली भाऊ, आणि मी अजून त्याचं उत्तर दिलेलं नाही.

तुम्हाला मी पहिल्यापासून आवडले नाही, हे तुम्ही कधी लपवलंत नाही. "तुम्ही बंदरपट्टीची माणसं. बोर्डीच्या समुद्रावर वारा खाणार, आन् जंगलपट्टीच्या पोरांचं गणित मांडणार." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, मग दाखवा की जंगलपट्टी. तुम्ही तिथल्या तिथं मोटरसायकलला किक मारलीत. केवढी खडखडणारी गाडी होती ती! माझ्या यादीत ज्या शाळेला "रस्त्यालगत" लिहिलं होतं तिथे पोचायला आपल्याला ओढा ओलांडून अर्धा तास चालावं लागलं. माझी चप्पल तुटली. तुम्ही एका घरातून सुतळी मागून आणलीत आणि ती बांधून देताना म्हणालात, "लिवा ताई, रस्त्यालगत." त्याच दिवशी तुम्ही मला एक पाडा दाखवलात. तिथली शाळा माझ्या यादीत नव्हतीच. चालू शाळा, मुलं पाढे म्हणतायत, आणि माझ्या यादीत तिचा पत्ताच नाही! मी मुंबईला जाऊन भांडून ती घालून घेतली. माझ्या नोकरीतलं पहिलं धड काम ते, आणि ते तुमच्यामुळे झालं. तुम्ही पुढे जिथे तिथे "ह्या ताईंनी आमची शाळा दिल्लीला पोचवली" म्हणून सांगत सुटलात. मी लाजायची, पण खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

पुढच्या फेरीत तीच शाळा निवडून आली. दोन हजार सतरा, दिवाळी उलटून गेलेली. छोटी शाळा, म्हणजे निवडून यायची शक्यता कमी, म्हणजे तिचा भार मोठा. तिच्यामागे आसपासच्या तशा कितीतरी शाळा उभ्या. तिसरीच्या वर्गाच्या पटावर एकोणीस मुलं.

चाचणी घ्यायला तुम्हीच गेला होतात. सकाळी अकराच्या सुमाराला तुमचा फोन आला. आवाज असा बारीक की मला वाटलं कुठे अपघातबिपघात झाला.

"ताई, एकोणीसच्या एकोणीस हजर आहेत."

"मग चांगलंच की हो!"

"काय चांगलं? सुनीताला मी सोता टेंपोत चढवलंय, भिवंडीकडं, आईबापासंगं, भट्टीवर. आन् इथं सुनीताचं नाव घेतलं तर एक पोरगी उभी राहिली. हजर म्हणते. ही पोरां इथली नायत ताई."

त्या शाळेचे मास्तर एकटेच. दिवाळी झाली की पाडा निम्म्याहून रिकामा होतो. कोणी वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, आणि पोरंही आईबापांबरोबर. तिथे कोणी त्याला गैरहजर म्हणत नाही. "जगायला गेलीत," म्हणतात. आता चाचणी मोठी, वरून रोज फोन, वर्ग भरलेला दिसलाच पाहिजे. मास्तरांनी काय करावं? पलीकडच्या मोठ्या शाळेतली चौदा मुलं उसनी आणली. गणवेश सगळीकडे एकच. प्रत्येकाला एकेक नाव पाठ करून दिलं. पाहुणे आले की शेजारून खुर्च्या आणतो ना आपण, तशी मुलं आणली हो! मला फोनवर हसू यायला लागलं. तुम्ही म्हणालात, "हसू नका ताई. मास्तर रडतोय."

तुम्ही त्यांच्यावर ओरडला नाहीत. त्या चौदा मुलांना बिस्किटं आणून दिलीत, आणि रांगेनं त्यांच्या शाळेत सोडून आलात. मास्तरांना म्हणालात, लाज वाटायची असेल तर तुझी नको वाटू दे, वरून फोन करणाऱ्यांची वाटू दे. मग उरलेल्या पाच जणांची परीक्षा घेतलीत आणि फॉर्मवर लिहिलंत, 'चौदा गैरहजर'. मास्तरांचं नाव कुठे येऊ दिलं नाहीत. मला वाटलं, विषय मिटला.

तो माझ्या टेबलावर येऊन उघडला. एकोणिसातली पाचच बसली, तर नियम काय? त्या पाचांचा भार वाढवायचा, म्हणजे ते एकोणिसांच्या वतीनं बोलतील. आणि ती शाळा तिच्यासारख्या सगळ्या शाळांच्या वतीनं. जगभर असंच करतात. मी तुम्हाला फोनवर समजावून सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "ताई, ती पाच कोण ते ठाव आहे का तुम्हाला?"

मला कुठून ठाऊक असणार? तुम्ही एकेक करून सांगितलंत. एक अंगणवाडीवालीचा मुलगा. दोघं बहीणभाऊ दुकानवाल्याचे. एकाचा बाप वापीला कंपनीत. आणि एक आजीपाशी ठेवलेली. "म्हणजे ज्यांना जगायला जावं लागत नाय तीच बसलीत. त्यांना वाचता येणारच की. मग तुम्ही लिवणार, पाड्यावरची पोरां वाचतात. सुनीता वाचते. सुनीताला 'स' येत नाय ताई."

"अहो, पण नियम असा आहे की जे आलेत आणि जे नाही आलेत ते सारखेच असं धरायचं."

"कोणी धरलं?"

काय सांगायचं? आम्हीच धरलं. धरल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. तुम्ही म्हणालात, होळीला सगळी परत येतात, तेव्हा मी त्यांची परीक्षा घेतो. मी म्हटलं, देशभर एकच दिवस असतो, तो गेला. तुम्ही म्हणालात, मग शाळा काढून टाका. मी म्हटलं, काढली तर तिचा भार या भागातून निवडलेल्या उरलेल्या दोन शाळांवर जाईल आणि त्या दोन्ही हायवेच्या कडेच्या आहेत. अर्धा तास असं चाललं. माझा आवाज चढला, तुमचा चढला. शेवटी तुम्ही दमलात. "मंग एक वाक्य तरी लिवा. नुसतं एक वाक्य. की जी पोरां नव्हती ती भट्टीवर होती, आन् जी बसली ती त्यांच्यासारखी नायत. ते पुस्तकात आलं की मी हॉस्टेल मागतो."

ते हॉस्टेल तुमच्या डोक्यात किती वर्षं होतं! हंगामापुरतं वसतिगृह. आईबाप भट्टीवर गेले तरी पोरं पाड्यावर राहतील, दोन वेळ जेवतील, शाळेत जातील. तुम्ही तीन अर्ज केले होते. तिन्ही वेळा उत्तर एकच, तुमच्याकडे मुलं गैरहजर राहतात याला आधार काय? पटावर तर सगळी आहेत. तुम्हाला आधार हवा होता. छापलेला.

मी वचन दिलं, भाऊ. "लिहिते," म्हटलं. आणि लिहिलंही, देवाशपथ. मसुद्यात होतं ते, तुमच्याच शब्दांत. आमच्या साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, आपण कारणं देत नाही, आकडे देतो. मी एकदा म्हटलं की सर, फार महत्त्वाचं आहे. ते म्हणाले, एका पाड्यासाठी लिहिलं तर प्रत्येक जिल्हा म्हणेल आमचंही लिहा. मी दुसऱ्यांदा बोलले नाही. माझं कंत्राट त्याच महिन्यात पुढे वाढायचं होतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आज तुम्हाला सांगतेय.

तुमच्या वाक्याच्या जागी काय छापलं ते ऐका. मागच्या परिशिष्टात, बारीक अक्षरात, इंग्रजीत: अनुपस्थितीसाठी भार समायोजित केले आहेत. बस्स. चौदा मुलं त्यात बसवली.

अहवाल आला तेव्हा तुम्ही तलासरी नाक्यावरून फोन केलात. मागे ट्रकांचे हॉर्न. मी मीटिंगमध्ये होते, तोंडावर हात धरून बोलत होते. "ताई, आलं का आपलं वाक्य?"

"हो, आलंय," म्हटलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. फोन लवकर ठेवायचा होता, इतकंच. संध्याकाळी नीट सांगू असं ठरवलं. संध्याकाळी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तुमचाच पुन्हा फोन, आवाजात नुसता आनंद. लखमीवहिनींनी कोंबडं कापलं होतं म्हणे. कसं सांगणार? मग मी काय केलं तर अहवालाची एक प्रत तुम्हाला कुरियरनं पाठवली. चारशे पानं, सगळी इंग्रजी. तुम्हाला इंग्रजी जेमतेम येतं हे मला माहीत होतं. आता वाटतं, तुम्ही वाचून पकडावं आणि मला चार शिव्या घालाव्यात म्हणून पाठवली असेल. की तुम्हाला वाचता येणार नाही म्हणून? माझं मलाच कळत नाही.

तुम्ही काही पकडलं नाहीत. उलट चौथा अर्ज केलात. त्यात लिहिलंत, 'राष्ट्रीय अहवालात नमूद केल्याप्रमाणे'. उत्तर आलं की अहवालात आपल्या भागाचा निकाल समाधानकारक आहे, सबब वसतिगृहाची गरज दिसत नाही. समाधानकारक! त्या पाच मुलांनी चांगले मार्क मिळवले होते ना. दुकानवाल्याच्या पोरीनं धडाधडा वाचलं, आणि ते माझ्या गणितानं सुनीताच्या नावावर चढलं. मी जन्मात केलेलं सगळ्यात बिनचूक काम ते, भाऊ. तीन वेळा तपासलं होतं. एक आकडा चुकला नव्हता.

तरी तुम्ही खचला नाहीत. म्हणालात, "त्यांनी नीट वाचलं नसंल. आपलं वाक्य मागं कुठंतरी असणार." मी "हं" म्हटलं.

वापीच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले ती खरं सांगायलाच आले होते. कावीळ उतरत नव्हती, डोळे हळदीसारखे पिवळे. डहाणूहून सुके बोंबील आणले होते, डॉक्टर देऊ देणार नाहीत हे माहीत असून. वहिनींनी पिशवी बघून मला दटावलं, आणि तुम्ही हसलात. मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, भाऊ, एक बोलायचंय. तुम्ही मला थांबवलंत आणि शेजारच्या खाटेवरच्या गुजराती म्हाताऱ्याला हाक मारलीत. "काका, आ अमारा बेन. ह्यांनी आमच्या पोरांचं लिवलंय. दिल्लीच्या पुस्तकात." म्हाताऱ्यानं मला हात जोडले. मी पण जोडले. मग नर्स आली, सलाईन बदललं, तुम्हाला झोप लागली. मी तासभर बसले होते. तुम्ही उठला नाहीत. माझ्या गाडीची वेळ झाली. पुढच्या रविवारी येते म्हणून वहिनींना सांगितलं, आणि शुक्रवारी तुम्ही गेलात.

आता परवाचं सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

सभा झाल्यावर वहिनींनी घरी नेलं. शेतात भात पिवळं पडलेलं, थोड्या दिवसांत कापणीला येईल. अंगणात सात-आठ बाया बसल्या होत्या. वहिनींनी आत जाऊन फडताळातून ते पुस्तक आणलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वरून दोरी. माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "सर सांगायचे, ह्यात आमच्या पोरांचं लिवलंय. सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी, प्रत्येक पाड्यावर. पण कुठल्या पानावर ते सांगायचं राहिलं. तेवढं दाखवून ठेवा ताई."

सांगायचं होतं, वहिनी, नाहीये. सहा अक्षरांचं काम. पण त्या बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं, नवरा जाऊन बारा दिवस झालेले, आणि त्याचं एवढं एक काम सुफळ झालं असं ती धरून बसलेली. मी पानं उलटली. परिशिष्ट काढलं. आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे."

वहिनींनी पेन्सिल आणवली आणि त्या ओळीखाली रेघ मारली, हळूहळू, हात हलू न देता. मग ते पुस्तक बायांमधून फिरलं. एकीनं ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात सुनीताचं नाव आहे?" ती सुनीताची आई. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, "नावं नसतात त्यात. पण ती आहे." गणितानं बघाल तर खोटं नाही ते. आता तुम्हीच सांगा, खरं तरी आहे का?

ती बरं म्हणाली. पुस्तक तिनं नीट मिटून वहिनींकडे दिलं आणि माझ्याकडे वळून, उधार-उसनवार विचारावं इतक्या संकोचानं विचारलं, "मंग ताई, हॉस्टेल दिवाळीच्या आत होईल ना? भट्टीचा मुकादम येऊन गेलाय. पोरीला न्यायची का ठेवायची, ते त्याला सांगायचंय."

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, भाऊ. मी म्हटलं, "विचारून सांगते."